चुकीचा प्रश्न

रात्रीचे साडेअकरा. आईच्या गाण्याची जुनी सीडी ड्राइव्हमध्ये घातली. घरघर झाली, दिवा लुकलुकला आणि लिनक्सने हात वर केले: माउंट होत नाही. मखमली कापडाने चकती आतून बाहेर, सरळ रेषेत पुसली. पुन्हा तेच.

मग नेहमीची उलटतपासणी. यंत्राला ड्राइव्ह दिसतोय का? ‘एलएसबीएलके’ची यादी काढली, ‘एसआर-शून्य’ जागेवर होता. म्हणजे केबल ठीक. दुसरी, डेटाची सीडी घातली. ती मुकाट उघडली. म्हणजे ड्राइव्हही ठीक. शेवटी ‘डीमेसेज’ची, म्हणजे कर्नेलच्या रोजनिशीची पानं चाळली. इनपुट-आउटपुटच्या तक्रारींच्या गर्दीत एक ओळ होती: या ट्रॅकसाठी ही पद्धत चालणार नाही.

डोक्यात लख्ख उजेड पडला. ही ऑडिओ सीडी! तिच्यावर फाइल सिस्टिमच नसते. ‘आयएसओ ९६६०’ नाही, ‘यूडीएफ’ नाही. फोल्डर नाही, फाइल नाही. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी टिपलेला नुसता आवाज. माउंट करायचं तरी काय? ती वाजवायची असते, नाहीतर ‘सीडीपॅरानोया’सारख्या साधनाने ट्रॅकनिहाय उतरवून घ्यायची.

तासभर मी ड्राइव्हला नावं ठेवत होतो. बिघाड प्रश्नात होता. माणसांच्या बाबतीतही असंच होत असेल का? कप्पे शोधत बसतो आपण, समोरचा नुसता गात असतो.

पहिला ट्रॅक उतरला. आधी आईचा खोकला, मग तानपुरा.