डोरायाकी माहीत आहे, पण नायकाच्या तोंडी झाडीबोली नको?

गोंदियातल्या पोरांना डोरायाकी माहीत आहे. खाल्ली कुणीच नाही, पण डोरेमॉनला आवडते एवढं पुरतं. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९७० पासून मुलांच्या मासिकांत काढलेला हा निळा बोका. २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याने त्याला चक्क ॲनिमेचा राजदूत नेमलं. चटईची खोली, सरकती दारं, देवळातली जत्रा, सगळं जपानी. अमेरिकेत दाखवताना बरेच बदल केले होते म्हणे, आपल्याकडे मात्र जवळपास तसाच आला. फक्त हिंदी बोलत.

हो, हिंदी. २०२५ च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेअर'चा सिनेमा भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. मराठीत नाही. आमचं शहर तसंही बालाघाटच्या शेजारचं, हिंदी इथे घरचीच. म्हणून कुणाला काही वाटलंही नाही.

मला वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. 'डिटेक्टिव्ह कोनन'मध्ये हत्तोरी नावाचा पोरगा आहे, ओसाकाच्या बोलीत बोलणारा. आणि तो कोननच्या तोडीचा हुशार गुप्तहेर आहे!

आता आपल्याकडे बघा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, अर्जुनी मोरगावकडे मंडप पडतात. वडशाच्या कंपन्यांचं नाटक रात्री सुरू होतं ते पार उजाडेपर्यंत. थंडीत शाल पांघरून बायाबापड्या, लेकरं तिकीट काढून बसतात. याच्या मुळाशी आपली दंडार. तिच्यात बायकांची कामं पुरुष करायचे. काबुकीत ती आजही पुरुषच करतात, आणि त्या काबुकीला युनेस्कोच्या यादीत जागा आहे. आपल्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे मुंबई-पुण्याच्या पेपरांना झाडीपट्टी दिसली.

पण आपल्याच मंचावर बहुतेक वेळा नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात. झाडीबोली कुणाच्या वाट्याला? विनोदी गड्याच्या. तो 'पानी' म्हणतो आणि मंडप हसतो. हसणारेही घरी 'पानी'च म्हणतात! हे काही पुण्यावाल्यांनी लादलेलं नाही, आपणच ठरवलंय.

यंदा एखाद्या कंपनीने वकील, डॉक्टर, रडणारी नायिका, सगळ्यांना झाडीबोलीत बोलू द्यावं. चालणार नाही असं निर्माते म्हणतील, त्यांचा पैसा लागलेला असतो, त्यांचंही खरं. पण असा एक प्रयोग लागला तर कळवा, आमच्या घरची पाच तिकिटं पक्की.