माहेरचा वाडा, सासरचा महाल

व्हर्साय आणि शोनब्रुन या राजवाड्यांची तुलना निघाली की लोक आधी खोल्या मोजायला लागतात. मला मात्र दोन्हीकडे एकच मुलगी दिसत राहते. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया तेरेसाची सर्वांत धाकटी लेक. १७७० मध्ये, चौदाव्या वर्षी व्हिएन्ना सोडून फ्रान्सची सून झालेली मारी आंत्वानेत.

माहेरचं शोनब्रुनही काही साधंसुधं नाही. १,४४१ खोल्या, त्याही उन्हाळ्यात राहण्यासाठी! पण सोळा मुलांच्या आईचं ते घर आहे, हे जाणवतं. सहा वर्षांचा मोत्सार्ट १७६२ मध्ये इथेच वाजवून गेला. एका दालनात शिसवीच्या तावदानांत मोगल लघुचित्रं बसवली आहेत. बसवली कसली, कापून, जुळवून चिकटवली आहेत! आपल्याकडच्या कुणा चित्रकाराची रेघ व्हिएन्नाच्या कात्रीखाली गेलेली पाहून जीव कळवळतो. तरी पाय तिथून लवकर निघत नाही.

सासरचा थाट निराळाच. चौदाव्या लुईने १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला आणला आणि पुढे स्वतःची निजायची खोली महालाच्या ऐन मध्यावर घेतली. राजाचं उठणं हाच सोहळा. सदरा कुणी पुढे करायचा, यातही मान. त्र्याहत्तर मीटर लांब आरसेमहालातले ३५७ आरसे पाहताना वाटतं, इथे माणसाला एकटं असायची सोयच नव्हती. १७७८ मध्ये या सुनेचं पहिलं बाळंतपणही भरल्या खोलीत, दरबाऱ्यांच्या देखत झालं. गर्दीत गुदमरून ती बेशुद्ध पडली.

पुढे १७८३ पासून तिने बागेच्या टोकाला शाकारलेल्या घरांचं खेडं वसवलं. गाई, दूधघर, तळं, सगळं. खरी खेडी भाकरीला महाग असताना हा खेळ कुणाला रुचणार? मलाही रुचत नाही. पण आरसेमहालातून तिथवर चालत गेलं की तिला तिकडे का पळावंसं वाटलं, ते कळतं.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर व्हर्सायचं सामानसुमान लिलावात गेलं. दालनं पुन्हा सजवायला मागाहून शोधाशोध करावी लागली. शोनब्रुनमध्ये मात्र सम्राट फ्रान्त्स योझेफचा लोखंडी पलंग आहे. १८३० मध्ये तो याच महालात जन्मला आणि १९१६ मध्ये त्या पलंगावर गेला. एवढ्या साम्राज्याचा धनी, आणि पलंग वसतिगृहात शोभेलसा!

कारंजी आणि बाग पाहायची तर व्हर्सायलाच जावं, तेही सकाळी लवकर. दालनांसाठी माझं मत शोनब्रुनला.