कापड आणि पाणी

चि. मृण्मयीस,



ऑफिसच्या गणवेशाचे शर्ट रोज धुऊनही दुपारपर्यंत वास मारतात आणि सुती कुर्त्याचं तसं होत नाही, असं का, हे तू विचारलंस. साबण बदलून फार फरक पडणार नाही. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी वाच. अशा कापडात बहुतेकदा ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कापूस असतो, आणि दुखणं त्या पहिल्या आकड्यात आहे.

कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू माळेतल्या मण्यांसारखे एकामागोमाग गुंफले की सेल्युलोज तयार होतं. यातल्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन मोकळ्या जोड्या असतात आणि त्यांना पाण्याची विलक्षण ओढ असते. म्हणून कोरडा वाटणारा सुती सदराही हवेतलं बाष्प धरून असतो, आपल्या वजनाच्या सुमारे सात-आठ टक्के. पॉलिएस्टरमध्ये हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याच्या साखळीत पाण्याला धरून ठेवणाऱ्या त्या जोड्या जवळपास नसतातच. त्यामुळे घाम धाग्यात मुरत नाही, धाग्यांमधल्या फटींत साचून राहतो. अंगावरचं तेल मात्र पॉलिएस्टरला घट्ट धरतं आणि धुण्यात पुरतं निघत नाही. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायाम केलेल्या माणसांचे टी-शर्ट तपासून २०१४ साली दाखवून दिलं की पॉलिएस्टरच्या कपड्यांना सुती कपड्यांपेक्षा जास्त उग्र वास येतो, आणि घामाचा वास निर्माण करणारे मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू पॉलिएस्टरवर जोमानं वाढतात.

तेव्हा पुढच्या खेपेला गणवेशाचं कापड ठरेल तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मिळून कापसाचं प्रमाण वाढवून मागा. मुंबईच्या दमट हवेत दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी हे मागणं अगदी रास्त आहे.

पॉलिएस्टरला नुसती नावं ठेवणंही बरोबर नाही. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधल्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ साली हा धागा काढला. आपल्याकडे त्याचेच टेरिलीन आणि टेरिकॉट आले आणि घरोघरच्या बायकांचं इस्त्रीचं काम निम्म्यावर आलं. सुती कापड चुरगळतं तेही पाण्यामुळेच. सेल्युलोजच्या शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. घामानं किंवा धुण्यानं हे बंध सुटतात, कापड दुमडतं, आणि वाळताना बंध त्या दुमडलेल्या जागीच पुन्हा जुळतात. इस्त्री करताना पाणी शिंपडायचं ते हे बंध पुन्हा सोडवण्यासाठी. पॉलिएस्टरला पाणी शिवतच नाही, त्याला घडी बसते ती उष्णतेनं. शाळेच्या टेरिकॉट स्कर्टच्या चुण्या वर्षभर टिकायच्या त्या यामुळे.

आता खळीबद्दल. आजी सुती नऊवारीला भाताच्या पेजेची खळ द्यायची. पेजेतला स्टार्च आणि साडीतलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले. फरक फक्त सांध्याचा. स्टार्चमध्ये सगळे रेणू एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात, त्यामुळे साखळी वळत जाते. सेल्युलोजमध्ये दर दुसरा रेणू उलटा बसतो, साखळी सरळ राहते आणि अशा साखळ्या एकमेकींना लगटून पक्क्या बसतात. एवढ्याशा फरकानं भात आपल्या पोटात पचतो आणि कापूस पचत नाही. गाईला सरकीची पेंड, कडबा पचतो तो तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे. खळ साडीला धरते कारण दोघांच्या त्या मोकळ्या जोड्या एकमेकींशी बांधल्या जातात. पुढच्या धुण्यात ती निघूनही जाते. रसायनशास्त्रातली इतकी देखणी गोष्ट घरात रोज घडत होती, आणि शाळेच्या पुस्तकात ती शिकवताना साडीचं नावही कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो, म्हणून धोबीघाटावरचं आपटणं त्याला सोसतं. तुझ्या रेयॉनच्या कुर्त्याला मात्र ते सोसणार नाही. रेयॉनही सेल्युलोजच, पण लाकडाच्या लगद्यातून काढलेलं. त्याच्या साखळ्या आखूड आणि विस्कळीत असतात, आणि भिजल्यावर त्याची निम्मी ताकद जाते. तो पिळू नकोस, दाबून पाणी काढ. हा धागा बनवण्याची पद्धत क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी १८९२ साली इंग्लंडमध्ये शोधली. त्यासाठी लागणाऱ्या कार्बन डायसल्फाइडच्या वाफांनी पुढे कित्येक कामगारांचे मज्जातंतू आणि मन दोन्ही बिघडवली. अमेरिकेत अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी १९३० च्या दशकात हा प्रश्न धसास लावला. मऊ रेयॉन अंगावर घालणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक असायला हवा.

रेशीम आणि लोकर ही प्रथिनं. रेशमातले अमिनो आम्लांचे रेणू बहुतेक लहान, ग्लायसीन आणि अ‍ॅलनीनसारखे, म्हणून साखळ्या एकमेकींवर सपाट बसतात आणि धागा ताणाला दाद देत नाही. लोकरीत केसांसारखंच केराटिन, त्यात गंधकाचे पूल. दुकानदार रेशीम म्हणून दाखवतो ते खरं की खोटं हे बघायचं असेल तर पदराच्या गोंड्यातले दोन-चार धागे चिमट्यात धरून पेटव. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. धागा वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. कागद जळल्याचा वास आला तर रेयॉन.

प्रथिनांचं अल्कलीशी मुळीच जमत नाही. धुण्याचा सोडा रेशीम कमजोर करतो, आणि ब्लीचच्या पाण्यात लोकर तर विरघळूनच जाते. जुन्या बायका रेशमाला आणि शालीला रिठा वापरायच्या. रिठ्यातलं सॅपोनिन मळ सोडवतं आणि त्यात सोड्याचा तिखटपणा नसतो. लग्नात मिळालेली शाल घरी धुणार असशील तर गार पाण्यात रिठे भिजवून धू, चोळू नकोस, आणि सावलीत पसरून वाळव.

तुझी,
मावशी