फॉर्मवरचा एक ‘हो’

धाकटी बहीण माल्टात नर्स आहे. यंदा तिच्याकडे गेलो तेव्हा ती मला आर लाप्सीला घेऊन गेली. चुनखडीच्या कड्याखाली, खडकांनी वेढलेला समुद्राचा छोटा तुकडा. दक्षिणेचा वारा नसेल तर पाणी विहिरीसारखं शांत. समोर फिल्फला बेट. नवशिक्यांना डाइव्हिंग शिकवायला बरी जागा.

आधी फॉर्म आला. वय 45 च्या वर? बीपी आहे? मी ‘नाही’वर खूण करणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "दादा, तुझी गोळी मला माहितीय. खोटं लिहू नको."

‘हो’ लिहिलं. शिकवणाऱ्याने शांतपणे सांगितलं, डॉक्टरचं पत्र आणा, मग डाइव्ह. आज फक्त स्नॉर्कलिंग. पैसे देतोय तरी नाही म्हणतो? मला रागच आला.

त्याने समजावलं. 10 मीटर खाली घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. घाबरून श्वास रोखून कोणी झपकन वर आला, तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिलाच नियम, श्वास कधी रोखायचा नाही. नवशिक्याला 12 मीटरच्या खाली नेतच नाहीत. आणि डाइव्हनंतर निदान 12 तास विमानात बसायचं नाही.

मग मास्क लावून वरवर तरंगलो. खाली पॉसिडोनियाचं हिरवं कुरण हलत होतं. ते शेवाळ नाही, फुलं येणारं खरं गवत आहे. पोटाखालून रंगीत मासे गेले. राग कुठच्या कुठे गेला.

पण एक गोष्ट मनातून जाईना. दोन वर्षांपूर्वी आपल्या मालवणात मी स्कूबा केलं होतं. तिथेही फॉर्म होता. "सही करा फक्त, बाकीचं राहू द्या," म्हणाले. मी केली. बीपीचं बोललोच नाही. दुसऱ्यांच्या हलगर्जीपणाच्या बातम्या लिहिणारा मी, स्वतः त्याच रांगेत उभा होतो. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा नियम कुठे होते म्हणून आपण सगळेच ओरडलो. नियम कागदावर असतातच हो. ते पाळायला लागणारा ‘नाही’ कोणी म्हणत नाही. धंदेवाला गिऱ्हाईक जाईल म्हणून, आणि गिऱ्हाईक मजा जाईल म्हणून.

आपला समुद्र कुठे कमी नाही. आपली पोरंही पाण्यात तरबेज आहेत. फक्त सुट्टीत मालवणला याल तेव्हा फॉर्म वाचा, खरं लिहा. आणि कोणी ‘आज नको’ म्हणालं, तर भांडू नका. त्याचे आभार माना.

तुमचा अनुभव काय? खरं सांगा, फॉर्म कोणी वाचला होता?