ठिणगीची वेळ

१/ रत्नागिरीजवळ काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. शिडाच्या मचव्याने तिथून केव्हा निघावे, हे भरती ठरवीत असे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. हे गणित तांडेलाला तोंडपाठ असे. यंत्राने वेळेचे मापच बदलले.

२/ पेट्रोल इंजिनात इंधन पूर्ण पेटण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ६०० फेरे असतील, तर १० अंश म्हणजे सेकंदाचा ३६०वा भाग.

३/ पॉइंटचा कॅमवर घासणारा भाग झिजला की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. जोर ओसरतो, इंजिन तापते. दुरुस्तीपूर्वी नौकेच्या तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर घालवावी. आधी फट जुळवावी, मग गतिचक्रावरील खूण पाहून वेळ लावावी. क्रम उलटला, तर लावलेली वेळ पुन्हा ढळते.

४/ कोकणच्या मच्छीमार नौकांनी पुढे मुख्यतः डिझेल इंजिन स्वीकारले. त्यात ठिणगी नाही. इंधन सोडण्याचा क्षण मात्र तितकाच नेमका लागतो. तो चुकून खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडले, तर वारा आणि ओहोटी ओळखणारा तांडेलच नौका सावरतो.