कोंबडीला सर्दी झाली म्हणे!

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. सासूबाईंचे माहेर गोकाककडचे, म्हणून स्वयंपाकघरात कानडी. माझे माहेर पेडणे तालुक्यातले पार्से, म्हणून फोनवर कोकणी-मराठीची सरमिसळ. लग्नानंतर पहिल्याच रविवारी सासूबाई म्हणाल्या, "इवत्त कोळी माडूणु." मी मासेवाला आला असेल म्हणून दारात जाऊन पाहिले! कानडीत कोळी म्हणजे कोंबडी हे तेव्हा कळले. आजही आमच्याकडे तो किस्सा पाहुण्यांना सांगितला जातो.

पण आज जे सांगायचे आहे ते हसण्यासारखे नाही.

वडील गेल्यानंतर आई पार्शाच्या घरी एकटीच राहते. परसात आंबा, दोन माड आणि सतरा गावठी कोंबड्या. अंडी विकून आलेले पैसे ती डब्यात ठेवते. नातवंडांच्या हातावर ठेवायची नोट त्या डब्यातून येते. त्यासाठी ती आम्हा मुलांकडे हात पसरत नाही. कोंबड्या म्हणजे तिची कमाई आणि दिवसभर बोलायला सोबतही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माहेरी निघाले तेव्हा आठवड्याच्या बाजारातून दोन तरण्या तलंगा घेतल्या. टोपलीत घालून चोर्ला घाटातून गाडीने नेल्या. आई खूश झाली. संध्याकाळी मीच त्या दोघींना इतर कोंबड्यांबरोबर खुराड्यात सोडले.

सहाव्या दिवशी फोन आला. "गो बाय, कोंबयो घुरघुरतत." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "कोळीगी नेगडी आगेती." कोंबडीला सर्दी झाली म्हणे! मीही हसले आणि आईला सांगितले, हळद-मिऱ्याचे पाणी पाज, थंडी पडली आहे, बरे होईल.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी कोंबड्या चोच वर करून तोंडाने श्वास घेऊ लागल्या. हिरवट पातळ शी, पंख लोंबलेले. आमच्या मोठ्या कोंबड्याची मान पिळून पाठीकडे वळली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले आणि म्हणाले, "ही मानमोडी. हिला औषध नाही, लस आहे. तीही आजार यायच्या आधी." आठवड्यात सतरापैकी पंधरा गेल्या. कुंपणापलीकडच्या काकीच्या नऊही गेल्या. रोग कुठून आला हे कोणाला सांगावे लागले नाही. काकीने आईशी बोलणे टाकले. आई मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच जास्त लागले.

मानमोडीलाच रानीखेत म्हणतात. 1926 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि 1927 मध्ये आपल्या कुमाऊँतल्या रानीखेतला हा रोग आढळला, म्हणून ही दोन नावे. विषाणूचा आजार असल्याने प्रतिजैविकांनी तो बरा होत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारी कोंबडी तो आत बाळगून असू शकते. माझ्या तलंगा तशाच होत्या.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून विचारून जे शिकले, ते तुमच्यासाठी लिहिते. प्रत्येक घुरघुर मानमोडीची नसते. चेहरा व डोळ्यांभोवती सूज, नाकातून दुर्गंधीयुक्त चिकट स्राव असेल तर तो कोरायझा. आठवडेच्या आठवडे घरघर, शिंका आणि अंडी कमी होणे, हे मायकोप्लाझ्माचे लक्षण. हे दोन्ही जिवाणूंचे, त्यांना औषध लागू पडते. पण ते डॉक्टरांनी दिलेले, आणि त्यांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत अंडी खायची नाहीत. पावसाळ्यात ओला भुसा कुजला की त्यातल्या बुरशीनेही पिल्ले धापा टाकतात. आणि एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर हात न लावता लगेच दवाखान्याला कळवायचे. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला, तो देशातला पहिला. तो विसरून चालणार नाही.

ओळखायची सोपी रीत अशी: रात्री दिवा न लावता खुराड्याजवळ पाच मिनिटे उभे राहायचे. कोंबड्या शांत असतात, त्यामुळे एखादीची घरघर लगेच ऐकू येते. तिला त्याच रात्री वेगळ्या डालग्यात ठेवायचे, तिचे पाणी वेगळे, आणि तिची सेवा सगळ्यात शेवटी, मग साबणाने हात धुवायचे. नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. मेलेली ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरायची.

लसीची अडचण वेगळीच होती. पहिली लस पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, दुसरी चौथ्या आठवड्याच्या सुमारास, मग आठव्या आठवड्याला टोचून. पण एका कुपीत निदान शंभर कोंबड्यांची लस, आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आईकडे उरल्या होत्या दोन! एकट्या घराने ती आणणे परवडणारे नव्हते.

खुराडे रिकामे करून, चुना मारून दोन महिने उन्हात ठेवले. मग आई स्वतः वाड्यातल्या घराघरांत गेली. काकीच्या दारातही गेली. आत न जाता तिने एवढेच विचारले, "एका कुपयेत सगळ्यांचा भागता. येशी?"

एका रविवारी पहाटे सहाला कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी, सात घरांतल्या बायका डालगी घेऊन आमच्या अंगणात जमल्या. मासेवालीकडून आणलेल्या बर्फात थर्मास, त्यात कुपी. दवाखान्याचे कर्मचारी थेंब सोडत होते, मी कोंबड्या धरत होते. काकी सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्या डालग्यात आठ पिल्ले होती. मी हात पुढे केला तेव्हा तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि एक पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवले.

आता ठरावीक महिन्यांनी ती कुपी येते. तारीख आईच्या आणि काकीच्या, दोघींच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली असते. माहेरी जाताना मी बाजारातून कोंबडी नेत नाही. बेळगावचा कुंदा नेते.

आणि सासूबाई? घुरघुर ऐकली की त्या आता "नेगडी" म्हणत नाहीत. आधी विचारतात, "डॉक्टरना केळिदेनु?"