रवाळ तूप

दिवाळीचे लोणी आमच्या घरी आईच कढवते. तूप झाले की पातेले विझत्या चुलीच्या वैलावर ठेवते. कुणी ते गार फरशीवर नेऊ लागले की ओरडते, "आरं, सावकाश निवू दे. कणी धरू दे की!"

गेल्या दिवाळीला माझा एक जुना विद्यार्थी आटपाडीला आला होता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तो कुजणाऱ्या प्लॅस्टिकवर काम करतो. उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करायचे, म्हणजे दह्याला आंबट करणारे तेच, आणि त्याच्या लांबच लांब साखळ्या जोडायच्या. 2024 साली जेजुरीला याचा प्रात्यक्षिक कारखानाही निघाला.

त्याने खिशातून दोन तुकडे काढले. एक काचेसारखा, एक दुधी.

"गुरुजी, माल एकच. हा झटकन गार केला, हा सावकाश."

दुधी तुकड्याचे सूक्ष्मदर्शकातले चित्र त्याने दाखवले. गोल गोल फुले, एकमेकांना भिडून थांबलेली. प्रत्येकावर प्रकाशाने उमटलेली काळी फुली. साखळ्या घड्या घालत मधून बाहेर वाढतात म्हणे, आणि पातळ कागदाचा पृष्ठभागही त्याने खडबडीत होतो. मी कादंबऱ्या लिहिणारा मॅट्रिक मास्तर. हे सगळे मी तुपावरून समजून घेतले.

"मग लवकर कुजतो कुठला?"

"काचेसारखा. पाणी आधी सैल जागी शिरतं. कणी घट्ट, ती मागे राहते."

मला विचारायला कारण होते. 2021 साली टोमॅटोच्या रानात मीच मल्चिंग पेपर अंथरला होता. पीक निघाल्यावर तो फाटून बांधाला लागला. आमची खिलार गाय पोट फुगून गेली. डॉक्टरांनी पोट उघडले तर आत काळ्या चिंध्यांचा गोळा. आईने तिला वासरापासून वाढवले होते. आई मला एक शब्द बोलली नाही.

दोन्ही तुकडे मी डाळिंबाच्या बुडाशी पुरले. यंदा नवरात्रात उकरले, तर दोन्ही जसेच्या तसे! फोन केला.

"गुरुजी, याला साठेक अंशांची ऊब आणि ओल लागते. खताच्या मोठ्या कारखान्यात मिळते, रानात नाही."

आमच्या रानात ओल कुठली!

साध्या मातीत कुजेल असे दुसरे मिश्रण तो आता करून बघतो आहे. तुकडा आणतो म्हणाला आहे. तोवर मी टोमॅटोच्या बुडाला उसाचे पाचट घालतो. गोठ्यातला खुंटा आईने अजून काढू दिलेला नाही.